बोंडू, वांदर आणि आपण

दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा काढला की एक प्रश्न हमखास यायचा. मागच्या बाकावरून कोणीतरी उठायचा आणि विचारायचा, "बाई, मगे आताच्या माकडांचो माणूस कित्याक होणा नाय?" वर्ग खिदळायचा. मला मात्र तो प्रश्न नेहमी आवडत आला. विचारणाऱ्याने डोकं चालवलेलं असतं. माकडापासून माणूस झाला म्हणतात, तर मग रानात एवढी माकडं अजून शिल्लक कशी, हे त्याला खटकलेलं असतं. आणि ते खटकायलाच हवं.

मी सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या बाजूला राहते. नोकरीची सगळी वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे आणि सासऱ्यांनी लावलेली काजूची बाग बघते. बागेत काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वांदर येतात. लाल तोंडाची माकडंही येतात. त्यामुळे ज्या विषयावर लिहायला बसले आहे तो मला पुस्तकात भेटतो त्यापेक्षा जास्त वेळा गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर, बसलेला भेटतो.

आत्ताच लिहायचं कारण माझ्या भाचीचा मुलगा. तो मुंबईत केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकतो आणि मे महिन्यात इथे येतो. त्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रकरण 'आनुवंशिकता' इथेच थांबतं. २०२३ मध्ये एनसीईआरटीने त्यातला उत्क्रांतीचा भाग गाळला. त्याआधी २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले एक राज्यमंत्री औरंगाबादला जाहीरपणे म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. त्यांचं म्हणणं असं, की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही की लिहिलेलं नाही. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं होतं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, याचं मला फार समाधान वाटतं. पण मंत्र्यांचा मुद्दा आणि माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न मुळात एकच आहे. फरक इतकाच, की मुलगा उत्तर ऐकायला उभा असायचा.

उत्तर असं आहे. बागेत येणारा वांदर आपला पूर्वज नाही. तो आपला भाऊबंद आहे.

कोकणात ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. आमच्या वाडीतल्या एका सातबारावर भाऊबंदांची इतकी नावं आहेत की पान पुरत नाही. सगळे एका मूळपुरुषाचे. एक शाखा गिरण्या चालू असताना मुंबईला गेली, एक बेळगावकडे, एक इथेच नांगर धरून राहिली. चतुर्थीला मूळ घरात सगळे जमतात तेव्हा मुंबईकर आमचे पूर्वज नसतात आणि आम्ही त्यांचे नसतो. दोघांचाही पूर्वज तिसराच, आणि तो आता नाही. मुंबईकरांचा पुढे कधी आमच्यासारखा शेतकरी होईल अशी वाट कोणी बघत नाही. त्यांची वाट त्यांची, आमची आमची.

वांदर, लाल तोंडाची माकडं, आफ्रिका-आशियातली बाकी सगळी माकडं ही एक शाखा. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी (पुढे 'वानर' म्हणेन ते हे, बागेतला वांदर नव्हे) आणि माणूस ही दुसरी. या दोन शाखा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. आपल्या शाखेत चिंपांझी आणि माणूस वेगळे झाले ते अगदी अलीकडे, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. चिंपांझीसुद्धा आपला पूर्वज नाही. तो सख्खा चुलत, आणि वांदर फार लांबचा चुलत, एवढाच फरक.

आणि फुटल्यानंतर वांदर काही होता तिथेच थांबला नाही. त्यानेही तेवढीच वर्षं आपलं शरीर आपल्या पोटापाण्यासाठी घडवलं. त्याचं पोट बघा. त्याला कप्पे आहेत, आणि त्यात जिवाणू पाला आंबवतात. पिकलेलं फळ मिळालं नाही तरी तो जून पाल्यावर दिवस काढतो, जे आपल्याला जमणार नाही. त्याचा अंगठा आखूड आहे. फांदीवरून फांदीवर झेप घेताना चार बोटांचा आकडा पुरतो. लाल तोंडाच्या माकडाचं वेगळंच. त्याच्या गालांच्या आत पिशव्या असतात. बागेत शिरला की आधी गाल टच्च भरून घेतो आणि मग लांब झाडावर बसून निवांत खातो. वांदराला गालाच्या पिशव्या नाहीत. ही दोन माकडं एकमेकांनाही पुष्कळ लांबची आहेत, हे आमच्या बागेत काजी वेचायला येणाऱ्या बायका पुस्तक न वाचता ओळखतात. अर्धवट राहिलेला माणूस म्हणून वांदराकडे बघणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

"पण आजी, हे भाऊबंद असल्याचं कशावरून?" भाचीच्या मुलाने विचारलं. "तोंडवळा सारखा आहे म्हणून?"

तोंडवळा फसवू शकतो. म्हणून मी त्याला आमच्या घराण्यातला वाटणीचा कागद दाखवला. मूळ कागद वाळवीने कधीच खाल्ला. दोन घरांत त्याच्या दोन नकला आहेत, वेगवेगळ्या हातांनी उतरवलेल्या. दोन्ही नकलांत जमिनीच्या एका पाटीची पूर्व आणि पश्चिम हद्द उलटी लिहिली आहे. व्हाळ (ओढा) आहे एका बाजूला, कागदावर गेलाय दुसऱ्या बाजूला. वकिलांनी दोन्ही नकला शेजारी शेजारी ठेवल्या आणि सांगितलं, या एकाच कागदावरून उतरल्यात आणि चूक त्या कागदातच होती. दोन माणसं वेगवेगळी बसून बरोबर तेच लिहितील, कारण जमीन एकच आहे. पण वेगवेगळी बसून नेमकी तीच चूक करणार नाहीत.

आपल्या शरीरात अशीच एक चूक आहे, आणि ती वांदराच्या घराण्यातही आहे.

बहुतेक सस्तन प्राणी आपल्याला लागणारं क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. गाय करते, शेळी करते, कुत्रा करतो, उंदीर करतो. यकृतात साखरेपासून पायरी पायरीने ते बनतं, आणि शेवटच्या पायरीला एक विकर (एन्झाइम) लागतं. ते विकर तयार करणारं जनुक माणसातही आहे, पण मोडकं. १९९४ मध्ये मोरिमित्सू निशिकिमी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ते माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर शोधून काढलं. त्याचे कित्येक तुकडे गायब आहेत आणि उरलेल्यांत जागोजागी बिघाड आहेत. नंतर त्यांनीच त्यातला एक तुकडा माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक अशा चौघांत ताडून पाहिला. मकाक म्हणजे आपल्या लाल तोंडाच्या माकडांचं कुळ. चौघांतही जनुकाच्या मजकुरातलं एकाच जागचं एक अक्षर गळालेलं निघालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. अंगठा, डोळे, चेहरा यांच्या सारखेपणावर कोणी म्हणू शकतं की झाडावर राहायचं म्हणजे असंच शरीर लागतं. पण मोडक्या जनुकाचा उपयोग काय? ज्याचा काही उपयोग नाही ते दोन घरांत त्याच जागी मोडलेलं मिळालं, तर एकाच कागदाची नक्कल यापेक्षा सरळ अर्थ मला तरी सापडत नाही. गिनीपिगचंही हेच जनुक निकामी आहे. पण त्याचे गायब झालेले तुकडे वेगळे. ती चूक त्याच्या घराण्यात स्वतंत्रपणे झाली.

आपल्या घराण्यात ही मोडतोड झाली सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तो निवाल्यावर काही काळाने. त्याच सुमाराला प्रायमेट कुळाच्या, म्हणजे लेमूरपासून माणसापर्यंतच्या सगळ्या घराण्याच्या, दोन मोठ्या वाटा झाल्या होत्या. एका वाटेवर लेमूर आणि लोरिस. सह्याद्रीच्या दाट रानात रात्री दबकत हिंडणारा, बशीएवढ्या डोळ्यांचा सडपातळ लोरिस याच वाटेवरचा. लोरिसांच्या कुळात हे जनुक अजून शाबूत आहे. क जीवनसत्त्व ते घरच्या घरी बनवतात. दुसऱ्या वाटेवर सगळी माकडं, वानर आणि आपण. या वाटेवरच्या एकालाही ते बनवता येत नाही. चूक नेमकी कुठल्या फाट्यानंतर झाली हे यावरून दिसतं.

मग इतकी वर्षं या वाटेवरचे जगले कसे? फळं खाऊन. आणि इथे आमची बाग येते. काजूच्या बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. आपण बी काढून घेतो आणि बोंडू बहुतेक झाडाखाली कुजायला टाकतो, थोडे गोव्याकडे फेणीला जातात. वांदर नेमकं उलटं करतो. बोंडू खातो, बी टाकून देतो, कारण टरफलातलं तेल तोंडाला लागलं की भाजतं. मे महिन्यात एक मादी गडग्यावर बसून बोंडू खात होती. तिच्यात आणि आमच्यात अंगणाएवढंही अंतर नव्हतं. पोटाला पिल्लू चिकटलेलं. बोंडू तिने दोन्ही हातांत धरला होता. काळ्या तळव्यावरच्या रेषा दिसत होत्या. बोटांच्या टोकांना नखं, आपल्यासारखी चपटी; मांजराला असतात तशी नख्या नव्हेत. रस कोपरापर्यंत ओघळला तो तिने चाटून घेतला आणि बी गडग्याखाली सोडून दिली. मुलाने ती बी उचलून खिशात टाकली. ती ज्यासाठी ते फळ खात होती, त्याच गोष्टीसाठी मी सकाळी त्याला आवळ्याचं सरबत दिलं होतं. आमच्या गोठ्यातल्या गाईला दोन्हींची गरज नाही.

बाहेरून हे जीवनसत्त्व मिळालं नाही की काय होतं ते या किनाऱ्याने पाहिलेलं आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. त्या काळी युरोपातून इकडे यायला जहाजाला महिनेच्या महिने लागत. वाटेत ताजं फळ नाही, भाजी नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येई, दात हलत, बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसं मरत. हा स्कर्व्ही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी भराभर उठली. त्याच जहाजांच्या तळाला राहणाऱ्या उंदरांना हा रोग कधीच शिवला नसणार. त्यांचं जनुक धड होतं.

रंगांचंही असंच आहे, थोडक्यात सांगते. बागेची राखण करणाऱ्या आमच्या कुत्र्याला हिरव्या पानांत लटकलेला लाल बोंडू वेगळा उठून दिसत नाही; त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. गाईचंही तेच. आपल्याला तीन प्रकारच्या आहेत, आणि वांदरालाही त्याच तीन. लाल आणि हिरव्यासाठीची दोन जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात, एकाच जुन्या जनुकाची दुहेरी प्रत होऊन झालेली. माकडांची आणि आपली शाखा फुटण्याआधीच ही दुसरी प्रत तयार झाली होती. म्हणून तर पिकलेलं फळ ओळखण्यात वांदर आपल्याला कधी हार जात नाही. उद्या उतरवू म्हणून ठेवलेला आंबा तो आज नेतो. त्याला तो आपल्या इतकाच लांबून दिसलेला असतो.

दात मोजायचा उद्योग आम्ही आरशासमोर केला. अर्ध्या जबड्यात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. मुलाचे २८ भरले; अक्कलदाढा यायच्या आहेत. पूर्ण वाढलेल्या माणसाचे ३२. वांदराचेही ३२, आणि त्याच क्रमाने. अमेरिकेतल्या बहुतेक माकडांना प्रत्येक अर्ध्या जबड्यात एक उपदाढ जास्त असते, कारण ती शाखा आधीच वेगळी झाली. इजिप्तमध्ये कैरोपासून जवळ फायूम नावाचा भाग आहे, आज वाळवंट. तीन कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्या होत्या आणि घनदाट झाडी होती. तिथल्या खडकांत एल्विन सायमन्स यांना १९६० च्या दशकात एका मांजराएवढ्या प्राण्याचे अवशेष मिळाले. त्याला त्यांनी इजिप्टोपिथिकस नाव दिलं. त्याच्याही अर्ध्या जबड्यात दोन, एक, दोन, तीन. तो माकडही नाही आणि वानरही नाही. दोन्ही शाखा फुटण्याआधीचा आहे. मूळपुरुष हाच, असं कोणी शपथेवर सांगणार नाही, पण मूळपुरुष दिसायला कसा असेल हे विचारलं तर मी मुलांना त्याचंच चित्र दाखवायची.

याच सायमन्स यांची दुसरी गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगत असे, कारण तिच्यात आपला देश येतो. १९३२ मध्ये जी. एडवर्ड लुईस या तरुण अमेरिकी संशोधकाला शिवालिक टेकड्यांत जबड्याचा एक तुकडा सापडला आणि त्याने त्याला रामापिथिकस म्हटलं. पुढे सायमन्स आणि डेव्हिड पिल्बीम यांनी तो माणसाचा सगळ्यात जुना पूर्वज ठरवला. आम्ही शाळेत होतो तेव्हा मानवी वंशाच्या रांगेत रामापिथिकस पहिला उभा असे, आणि नाव रामाचं असल्यामुळे आम्हाला त्याचा फार अभिमान. मग १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी माणूस आणि वानरांच्या रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली. त्यांच्या हिशेबाने माणूस आणि चिंपांझी फुटून जेमतेम ५० लाख वर्षं झाली होती. रामापिथिकस तर एक कोटी वर्षांहून जुना. मग तो फक्त माणसाचा पूर्वज कसा? हाडांचे अभ्यासक बरीच वर्षं हे मानायला तयार नव्हते. शेवटी पाकिस्तानात पोटवार पठारावर त्याच कुळातल्या प्राण्याचा चेहरा मिळाला. १९८२ मध्ये पिल्बीम यांनीच त्याचं वर्णन छापलं: चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा होता. रामापिथिकस रांगेतून बाहेर पडला आणि ओरांगउटानच्या भाऊबंदांत जाऊन बसला.

मुलांना वाटायचं, म्हणजे शास्त्रज्ञ चुकले. मी म्हणायची, पुढचंही बघा. चुकीचं काय होतं ते दुसऱ्या हाडाने आणि रक्ताच्या थेंबाने सांगितलं, आणि ज्याने ते मत मांडलं होतं त्यानेच ते मागे घेतलं. आणि या सगळ्या उलथापालथीत माणूस आणि वानर एका घराण्यातले, या मुद्द्याला धक्का लागला नाही. उलट दोघं आणखी जवळचे निघाले.

शेपटीचं मुलं विचारतातच. माकडांना शेपूट आहे. वानरांना आणि आपल्याला नाही, फक्त माकडहाड उरलंय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा एक धागा सापडला: शेपटीच्या वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकात डीएनएचा एक लहान तुकडा घुसलेला आहे. तो वानरांत आणि माणसांत आहे, माकडांत नाही. इथे पुन्हा तीच नकलेची गोष्ट आहे, फक्त ही चूक आपल्याच शाखेत, माकडं वेगळी झाल्यावर शिरली.

वाडीत हे सगळं बोलायला सोपं जात नाही, आणि मी ते जपून बोलते. माझ्या सासूबाई शनिवारी मारुतीला तेल घालायच्या आणि त्याच दुपारी मोहोर ओरबाडणाऱ्या वांदरांवर डबे बडवत धावायच्या. दोन्ही मनापासून. मीही मारुतीला हात जोडते. देवळातल्या मारुतीशी या धड्याचं भांडण आहे असं मला कधीच वाटलं नाही. देवळात मी काय मागते आणि जबड्यात दाढा किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुकसानही खरं आहे. वांदर नुसता बोंडू खात नाही, कोवळे कोंब मोडतो, मोहोर झाडतो, केळीचा गाभा काढतो. त्याची प्रेमाने वर्णनं करणाऱ्यांनी एक हंगाम बागेत काढून बघावा. शेजारच्या आबांना मी एकदा चिंपांझी आणि वांदर समजावून सांगत होते. ते ऐकून घेत होते, मग जरा रागाने म्हणाले, "म्हणजे आमचो आजो वांदर?"

"नाय आबा. वांदर तुमचो भाऊबंद."

आबांनी पान लावलं, विचार केला. "भाऊबंद असात तर बागेत वाटो मागतलोच," म्हणाले. यापेक्षा नेमका सारांश मी फळ्यावर कधी लिहू शकले नाही.

या नात्याची एक बाजू मात्र आम्हाला इथे फार कठोरपणे कळली. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आजूबाजूच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, आजच्या एनआयव्हीने, त्याचा विषाणू शोधला. हा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपला माकडताप. तो गोचिडीमार्फत पसरतो. २०१६ च्या सुरुवातीला तो आमच्या शेजारी दोडामार्ग तालुक्यात केर गावात आला आणि पुढच्या हंगामात बांद्याच्या बाजूला. काजूच्या दिवसांतच आला, कारण त्याच दिवसांत बारकी गोचीड पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, असते आणि आपण त्याच पातेऱ्यात वाकून काजी वेचतो. जोराचा ताप, फुटेल असं डोकं, अंग ठेचल्यासारखं, काहींना रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमकं औषध नाही.

आमच्याकडे वेचायला येणारी एक बाई त्या तापातून वाचली. पण पुढे कित्येक आठवडे तिला कळशी उचलवत नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा कामाला आली तेव्हा झाडाखाली बसून तिने मला विचारलं, "बाईनू, ढोरांच्या अंगार तर गोचडे भरलेले असतत. मगे ताप वांदराक आणि माणसाकच कित्याक? ढोरांक कित्याक नाय?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गातही क्वचित कोणी विचारला असेल. गुरं या गोचिडीला पोसतात, तिला रानातून गोठ्यापर्यंत आणतात, पण आजारी पडत नाहीत. वांदर, लाल तोंडाचं माकड आणि माणूस पडतात. एका आजाराने दोघं पडले म्हणून नातं सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं. त्याचे पुरावे वर लिहिले ते. पण नातं असेल तर काय अपेक्षित आहे, हे मात्र यात दिसतं. विषाणू पेशीत शिरतो तेव्हा पेशीचा बांधा, रक्तातली प्रथिनं, शरीराची लढायची तऱ्हा या सगळ्यांशी त्याची गाठ पडते. गाईपेक्षा वांदराची ही सगळी मांडणी आपल्याला कितीतरी जवळची. ती म्हणाली, "म्हणान आधी तो मरता." आधी तो मरतो हे खरं, आणि तो मरतो तेव्हा त्याच्या अंगावरची गोचीड गळून त्याच जागेभोवती पसरते. वांदर मेलेली जागा सगळ्यात धोक्याची असते ती त्यामुळे.

तेव्हा आता काजीचे दिवस येतील, तर बागेत उतरणाऱ्यांनी एवढं करा. आरोग्य खात्याकडून गोचीड लांब ठेवणारं डीएमपी तेल मिळालं की उतरण्याआधी हातापायांना लावा, अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडेही गरम पाण्यात टाका. पातेऱ्यात बसू नका, आडवे होऊ नका. वांदर किंवा माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, काठीनेसुद्धा ढकलू नका. पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याच्या माणसाला कळवा, आणि ती जागा औषध मारून होईपर्यंत त्या बाजूच्या काजी पडल्या तर पडू द्यात.